वाड्याच्या खिडक्या आणि दगडी सिल: दुरुस्तीच्या सामानाची आणि कारागिरीची पारख

पुणे, सातारा, वाई, नाशिक या भागांतल्या जुन्या वाड्यांची खिडकी कुजते ती बहुतेक वेळा एकाच जागी. चौकटीची खालची आडवी पट्टी दगडी सिलवर, म्हणजे खिडकीखालच्या दगडी उंबऱ्यावर टेकते, तिथल्या दोन-तीन इंचांत. वरची पट्टी, बाह्या (चौकटीच्या उभ्या पट्ट्या), झडपा, गज हे सगळं शे-दीडशे वर्षांनंतरही ठणठणीत असतं आणि खाली मात्र टोचा लावला की सरळ आत जातो. सागवान हलकं होतं म्हणून हे घडत नाही. तिथे पाणी थांबतं आणि थांबलेल्या पाण्याला परत निघायला वाट नसते, म्हणून घडतं. मूळ बांधणीत ही वाट होती: चुन्याने भरलेली दरज (दगड-विटांमधली फट), मातीत बांधलेली वीट, तेल पाजलेलं लाकूड. पुढच्या दुरुस्त्यांत सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट आणि सिलिकॉन आलं आणि ती वाट बुजली.

म्हणून खिडकीच्या दुरुस्तीसाठी बाजारात मिळणाऱ्या सामानाची पारख आम्ही एकाच कसोटीवर केली आहे. ही वस्तू वापरल्यावर सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर निघेल का? पाणी अडवण्याचा दावा जवळजवळ प्रत्येक डब्यावर छापलेला असतो. शिरलेल्या पाण्याचं काय, हे फार थोड्या डब्यांना विचारता येतं.

चुना

चुना तीन रूपांत मिळतो आणि तिन्हींची लायकी वेगळी आहे.

सगळ्यात सहज मिळते ती पोत्यातली हायड्रेटेड लाइम पावडर. स्वस्त आहे, पण पोतं किती जुनं यावर सगळं अवलंबून. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ही पावडर पोत्यातच मरत जाते आणि तिची पुन्हा चुनखडीची भुकटी होते. अशा चुन्याने भरलेली दरज बोटाने उकरली तरी निघते. पारख सोपी: चमचाभर पावडर पाण्यात कालवून तिच्यावर व्हिनेगर टाकावं. एखाद-दुसरा बुडबुडा चालेल. भसाभसा फेस आला तर चुना मेलेला आहे, पोतं परत करावं. पोत्यावर आयएस ७१२ चा, म्हणजे बांधकामाच्या चुन्याच्या भारतीय मानकाचा उल्लेख आणि वर्ग पाहावा. ‘सी’ वर्ग म्हणजे शुद्ध, हवेवर घट्ट होणारा चुना. आतल्या कामाला तो पुरतो, पण पावसाच्या माऱ्यात उघड्या असलेल्या सिलला त्यात सुरखी, म्हणजे विटेची पूड हवीच.

दुसरा प्रकार म्हणजे कळीचा (भाजलेला, पाणी न लागलेला) चुना आणून स्वतः पाण्यात विरवलेला लगदा. आमच्या मते वाड्याच्या खिडकीला यासारखं दुसरं काही नाही. हा लगदा लोण्यासारखा थापीवर बसतो, दरजेत कोपऱ्यापर्यंत जातो आणि आकसत कमी. मात्र विरवताना क्रम चुकवू नये: ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडी-थोडी कळी. कळीवर पाणी ओतलं तर चुना उसळून डोळ्यांत जातो. पाणी उकळायला लागतं, त्यामुळे ड्रम लोखंडी घ्यावा. गॉगल आणि रबरी हातमोजे याला पर्याय नाही. विरल्यावर बारीक जाळीतून गाळून, वर बोटभर पाणी ठेवून किमान महिनाभर मुरवावा. तीन महिने मिळाले तर उत्तम. घाई केली तर न विरलेले कण दरजेत राहतात, पुढे ओल लागली की फुगतात आणि पृष्ठभागावर छोटे खड्डे पाडून उडतात. गवंडी याला चुना फुटला म्हणतात आणि दोष चुन्याला देतात. दोष घाईचा असतो.

तिसरा, परदेशातून येणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे एनएचएल. तो २, ३.५ आणि ५ अशा तीन दर्जांत येतो. आकडा २८ दिवसांनंतरच्या किमान दाबक्षमतेचा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. पश्चिमेकडे तोंड असलेल्या, छज्जा नसलेल्या खिडकीला ३.५ योग्य आहे. ५ घेऊ नये: माती-विटेच्या भिंतीला तो फार कडक पडतो आणि भिंत हलली की दरजेऐवजी वीट फुटते. किंमत देशी चुन्याच्या कितीतरी पट आहे आणि पाण्यात मुरवून ठेवता येत नाही, कालवलेला त्याच दिवशी संपवावा लागतो. कोरड्या, आडोशाच्या खिडकीवर हा पैसा घालण्याचं कारण नाही.

पोत्यातलं तयार ‘लाइम प्लास्टर’ घेताना सावध राहावं. त्यांतल्या काहींत पांढरं सिमेंट मिसळलेलं असतं. कंपनीकडून माहितीपत्रक मागावं. मिळालं नाही तर एक गोळा करून सावलीत ठेवावा. शुद्ध चुना-वाळूच्या गोळ्यावर दुसऱ्या दिवशीही नखाने ओरखडा उठतो. काही तासांत दगडासारखा झाला तर आत सिमेंट आहे, असं धरून चालावं.

मिश्रणाचं प्रमाण आम्ही मापाने एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू असं धरतो. सुरखी कमी भाजलेल्या जुन्या विटेची हवी. आजच्या कडक भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी फारशी जुळत नाही, नुसती भर होते. क्रश सँड वापरायची तर धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली बारीक धूळ भेगा पाडते. तीन फूट बाय चार फुटांची एक खिडकी धरली, तर चार फुटी सिलखालची बैठक आणि चौकटीभोवतीची एका बाजूची दरज मिळून १० ते १२ लिटर मसाला लागतो. म्हणजे मुरलेला चुना साधारण पाच-सहा किलो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालण्याची रीत चांगलीच आहे, पण प्रमाण माहीत असलेला गवंडी असेल तरच घालावं. जास्त गुळाने चुना घट्ट व्हायला उशीर लागतो आणि मुंग्या येतात.

भरताना चुकतं ते असं. जुनी सिमेंटची दरज ग्राइंडरने कापली जाते, पातं हलतं आणि दगडाच्या कडा खाल्ल्या जातात. छिन्नी-हातोडीनेच काढावी, वेळ लागू द्यावा. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. कोरड्या भिंतीत मसाला भरला तर वीट त्यातलं पाणी ओढून घेते आणि दरज भुकटी होऊन पडते, म्हणून आदल्या दिवशी आणि भरण्याआधी भिंत भिजवावी. एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नये. मग ओलं गोणपाट किमान सात दिवस. चुन्याच्या कामाबद्दलच्या दहांतल्या आठ तक्रारी या गोणपाटाच्या असतात: ते दुसऱ्या दिवशी काढलेलं असतं.

सिलचा दगड

वाड्यांच्या सिल बहुतेक काळ्या पाषाणाच्या, टाकीने घडवलेल्या. चार फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड अशा एका सिलचं वजन शंभर किलोच्या पुढे भरतं. म्हणून कंत्राटदार ती काढायला नाखूश असतो आणि काढलीच तर परत बसवायला त्याहून नाखूश. त्याऐवजी सुचवला जातो ग्रॅनाइट किंवा कडप्पा.

ग्रॅनाइट टिकतो, यात वाद नाही. पण बाजारात मिळणारी फरशी १८-२० मिलिमीटरची असते. तिला पुढची पाणी तोडणारी खाच नीट पडत नाही आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर चुना धरत नाही. चौकट आणि फरशी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते आणि पाणी तिथेच ओढलं जातं. कडप्पा आणखी वाईट: तो थरांचा दगड आहे, उन्हापावसात कडेने पापुद्रे सुटतात. शहाबादी फरशीचंही तेच. ही फरशी घरात जमिनीवर शोभते, पावसाच्या माऱ्यात सिल म्हणून नाही. मूळ दगड फुटलेला असला तरी तो दुरुस्त करणं नवी फरशी घालण्यापेक्षा चांगलं, असं आमचं ठाम मत आहे. काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि हातघडीव पृष्ठभागावरचं पाणी चौकटीपासून दूर वाहील असा उतार जुन्या पाथरवटाने देऊन ठेवलेला असतो.

उतार आधी मोजावा. पाणसळ आणि पट्टी घेऊन बाहेरच्या कडेकडे फुटाला सुमारे एक इंच उतार आहे का, ते पाहावं. पुष्कळदा दगड शाबूत असतो पण खालची भिंत खचून उतार उलटा झालेला असतो आणि सगळं पाणी चौकटीकडे येतं. अशा ठिकाणी लाकडावर कितीही खर्च करा, दोन पावसाळ्यांत परत तेच. सिल उचलून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. बसवताना सबंध लांबीखाली मसाला ठासून भरू नये. दोन्ही टोकांना भक्कम बैठक द्यावी, मध्ये जागा मोकळी सोडावी आणि भिंत बसली की काही आठवड्यांनी ती दरज भरावी. पूर्ण लांबी एकदम टेकवलेली सिल भिंत थोडी हलली की मधोमध तडकते. जुन्या घरांत मध्यावर तडा गेलेल्या इतक्या सिल दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

पुढे दीड-दोन इंच बाहेर आलेली कड आणि तिच्या पोटात खाच असावी. खाच १० ते १२ मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल, बाहेरच्या कडेपासून २० ते २५ मिलिमीटर आत, आणि दोन्ही टोकांना भिंतीच्या इंचभर आधी थांबलेली. ती भिंतीपर्यंत नेली तर पाणी खाचेतून सरळ भिंतीत जातं. कंत्राटदार हिला ड्रिप म्हणतात. ग्राइंडरने दहा मिनिटांत पडते, तरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते ती हीच.

तुटलेली सिल जोडायला स्टेनलेस स्टीलची आट्यांची सळी आणि इपॉक्सी हे आम्ही स्वीकारलेलं एक आधुनिक साधन आहे. ८ मिलिमीटरची सळी, १० मिलिमीटरचं भोक, दोन्ही बाजूंना किमान ७५ मिलिमीटर खोल. ड्रिलचा हातोडी-ठोका बंद ठेवावा, नाहीतर तडा पुढे पळतो. भोकातली धूळ पंपाने फुंकून काढावी. धुळीवर इपॉक्सी धरतच नाही. पुण्यात ३०४ दर्जाचं स्टील पुरतं, मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत ३१६ घ्यावं. साधी लोखंडी सळी कधीही नाही: गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि दगड आतून फोडतो. जुन्या लोखंडी पकडी शिसं ओतून बसवत, त्यात शहाणपण होतं. पण शिसं एकीकडे सुटलेलं असेल तर ती पकड काढूनच टाकावी.

इपॉक्सी सांध्याच्या पोटातच ठेवावा, पृष्ठभागावर आणू नये. उन्हाने तो पिवळा पडतो आणि पांढरट भुकटी सोडतो. तुटलेल्या कोपऱ्याला थिगळ लावायचं असेल तर त्याच जातीच्या दगडाचा तुकडा चौकोनी खाच करून बसवावा. खडीची पूड घातलेला चुना भरायचा तर त्याच्या कडा किमान १० मिलिमीटर खोल आणि सरळ कापाव्यात. पातळ निमुळत्या कडेचा लेप पहिल्याच पावसाळ्यात निघतो.

पाणीरोधक फवारे, म्हणजे सिलेन-सिलोक्सेनचे, हल्ली सरसकट सुचवले जातात. काळ्या पाषाणाला त्यांची गरज नाही. कोकणातल्या जांभ्याला किंवा मुंबईतल्या पोरबंदर दगडाला ते विचारपूर्वक उपयोगी पडू शकतात, पण भिंत आतून ओली असेल तर तिथेही थांबावं. चकचकीत थर देणारं ‘स्टोन लॅकर’ कुठल्याच दगडावर नको. साफसफाईला ॲसिडही नको: काळ्या पाषाणाला फारसं काही होत नाही, पण दरजांतला चुना विरघळतो आणि गज गंजतात. मऊ नायलॉन ब्रश, पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो.

लाकूड आणि सांधा

चौकट काढावी की जागच्या जागी दुरुस्त करावी? आमचं उत्तर: शक्यतो जागेवर. वाड्याच्या चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांचे कान, म्हणजे बाह्यांच्या पलीकडे आलेली टोकं, भिंतीत गेलेले असतात. चौकट काढायची म्हणजे ते कापायचे किंवा भिंत फोडायची. भिंत विटेची आणि मातीची असली तर वरचा भार सांभाळायला टेकू द्यावा लागतो. मात्र खालचा कान भिंतीत कुजला आहे का, हे एक वीट काढून पाहिल्याशिवाय अंदाजपत्रक मान्य करू नये. न दिसणारी कूज तिथेच असते.

बाह्यांचा खालचा भाग कुजला असेल तर तेवढाच कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट. तिरका काप असा हवा की बाहेरच्या अंगाने पाणी सांध्यात न शिरता खाली ओघळेल. उलटा काप दिला तर सांधा पाण्याची वाटी होतो. कूज संपली त्याच्या पुढे दोन इंच निरोगी लाकडापर्यंत जावं. ते दोन इंच वाचवण्याच्या मोहात सांधा अर्धवट कुजलेल्या लाकडावर बसतो.

नवा तुकडा कुठला? वखारीतलं नवं सागवान बहुतेक कोवळ्या झाडाचं असतं आणि त्यात कडेचा पांढरा भाग भरपूर. त्या पांढऱ्या भागात वाळवी जाते, गाभ्यात सहसा जात नाही. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान विकणाऱ्या वखारी पुण्या-मुंबईत आहेत, आणि याबाबतीत आम्ही त्यांच्याच बाजूने आहोत. ते लाकूड वाळलेलं असतं, रेषा दाट असतात आणि मूळ चौकटीशी जुळतं. घेताना खिळे शोधायला चुंबक फिरवावा, टोकाकडून आडवा छेद पाहावा आणि ओलावामापकाने १० ते १४ टक्क्यांच्या आत आहे याची खात्री करावी. रंध्याचा एक हात मारून बघू न देणाऱ्या वखारीतून घेऊ नये.

चिकटवण्यासाठी दुकानदार सवयीने फेविकॉल एसएच हातात देतो. तो घरातल्या फर्निचरचा गोंद आहे. सिलजवळच्या सांध्याला फेविकॉल मरीनसारखा पाणी सोसणारा गोंद किंवा इपॉक्सी घ्यावा. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून ताजा रंधलेला पृष्ठभाग थिनरने पुसून लगेच जोडावा. गोंदावर भिस्त ठेवू नये. सांधा लाकडी मेखांनी धरला पाहिजे, गोंद सोबतीला. लोखंडी खिळा या जागी नको.

लाकूड भरायचे दोन घटकांचे इपॉक्सी फिलर नक्षी वाचवायला फार चांगले. कोरीव पानाचा तुटलेला कोपरा, वाळवीने पोखरलेली पण पृष्ठभाग शाबूत असलेली पट्टी यांसाठी त्यांना तोड नाही. चौकटीच्या खालच्या टोकाला मात्र ते घातक आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगतं, फिलर फुगत नाही. दोघांत फट पडते, पाणी आत जातं आणि फिलर त्याला कोंडून ठेवतो. दोन-तीन वर्षांनी फिलरचा गोळा अख्खा हातात येतो आणि मागे ओला भुसा दिसतो. भुसा-फेविकॉलचा लगदा भरणं ही याचीच स्वस्त आवृत्ती.

किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण आम्हाला पसंत आहे. ते लाकडाच्या आत पसरतं आणि माणसांना तुलनेने कमी त्रासदायक. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणून वरून तेल किंवा रंग नसेल तर पावसाने धुऊन जातं. भिंतीतून चढणाऱ्या वाळवीला लाकडावरचा लेप पुरत नाही. तिथे जमिनीची आणि भिंतीची प्रक्रिया परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी. औषधाचं नाव आणि प्रमाण पावतीवर लिहून मागावं.

तेल, रंग आणि लांबी (काचेची पुट्टी)

जुना रंग काढण्याआधी एक सूचना, जी बहुतेक दुकानदार देत नाहीत. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) अशी सक्तीने लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चालावं. कोरडं घासू नये, पाणी मारून ओलं घासावं. हीट गन वापरली तर कमी तापमानावर, एन ९५ मास्क लावून. जाळायची ज्योत अजिबात नको. कचरा पोत्यात बांधावा आणि लहान मुलांना काम संपेपर्यंत त्या खोलीत जाऊ देऊ नये.

मग तेल. जवसाचं, म्हणजे अळशीचं तेल हे या कामाचं मुख्य औषध आहे, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या सुट्या तेलात खनिज तेलाची भेसळ असू शकते. काचेच्या तुकड्यावर बोटाने पातळ थर लावून उघड्यावर ठेवावा. ‘बॉइल्ड’ तेल दोन-तीन दिवसांत चिकटपणा सोडून पापुद्रा धरतं, कच्चं तेल त्याहून बरेच दिवस घेतं. पण पंधरवड्यानंतरही काच तेलकटच राहिली तर ते तेल लाकडाला लावू नये. ते कधीच सुकणार नाही, धूळ धरून काळं होईल. दमट हवेत कच्च्या तेलावर बुरशीही येते, म्हणून पावसाळी भागांत बॉइल्डच घ्यावं.

पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. दुसरा दोनास एक. तिसरा नुसतं तेल, अगदी पातळ. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने न मुरलेलं तेल पुसून काढावं. हे पुसणं टाळलं की पृष्ठभाग चिकट होतो आणि लोक तेलाला नावं ठेवतात. तीन बाय चारच्या खिडकीला, चौकट-झडपा दोन्ही अंगांनी धरून, तिन्ही हात मिळून सव्वा ते दीड लिटर मिश्रण लागतं. लाकडाच्या कापलेल्या टोकांना, विशेषतः खालच्या, पिईल तितकं पाजावं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. वाडा लाकडाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

कोकणात काजूच्या टरफलांचं तेल वाशांना आणि होड्यांना लावण्याची रीत आहे. वाळवीला ते पक्कं दूर ठेवतं, लाकूड मात्र काळपट करतं आणि कातडीवर फोड आणतं. दिसणाऱ्या खिडकीपेक्षा भिंतीत जाणाऱ्या कानांना लावायला ते उत्तम.

पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन पॉलिश घरातल्या कपाटाला छान. बाहेरच्या खिडकीला नाही. उन्हाने वरचा थर बारीक तडकतो, पाणी त्याखाली जातं आणि पारदर्शक थराखाली लाकूड काळं पडतं. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. तेल दर एक-दोन वर्षांनी एक हात मागतं, पण खरवडणं मागत नाही. या हिशेबात ते महाग पडत नाही.

काचा बसवायची लांबी घरीच मळावी: ८५ भाग खडूची पूड, १५ भाग जवस तेल, वजनाने. हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळायची. आधी खाचेला तेलाचा हात दिला नाही तर लाकूड लांबीतलं तेल शोषतं आणि ती तडकून पडते. वर साय धरली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, रंग. ‘पुट्टी’ मागितल्यावर भिंतीची, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी मिळते; ती लाकडाला लावायची नसते. जुन्या, किंचित लहरी दिसणाऱ्या काचा शाबूत असतील तर जपून काढून परत बसवाव्यात. तशी काच आता सहज मिळत नाही.

सिलिकॉन सीलंट चौकट आणि सिल यांच्या सांध्यात भरू नये, हे वेगळं सांगायला हवं कारण जवळजवळ प्रत्येक जण भरतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर चुन्यावर आणि लोखंडावर थेट परिणाम करतं.

बिजागरी, गज, कडी-कोयंडा

‘पितळी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बिजागऱ्या अनेकदा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. चुंबक खिशात ठेवावा. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी भोक पाडून त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू पिळून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवावा. गज खाली जिथे लाकडात शिरतात तिथे गंजतात आणि पट्टी चिरतात. शक्य तर वर सरकवून काढावेत, तारेच्या ब्रशने चकचकीत करून झिंक फॉस्फेट प्रायमर लावावा आणि भोकात तेल पाजूनच परत सोडावेत. जुनी खिटी, कडी झिजली म्हणून भंगारात देऊ नये. लोहार किंवा पितळकाम करणारा ती भरून देतो.

काम कोणाला द्यावं

तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिला सांगतो की लाकूड संपलं, सगळं काढून टाका, वर जुनं लाकूड मीच घेतो. त्याच्या सल्ल्यात त्याचा माल दडलेला आहे. दुसरा सर्वसाधारण कंत्राटदार: वेळेत येतो, पण सिमेंट आणि ग्राइंडर सोडून काम करायची त्याला सवय नाही. तिसरा म्हणजे सुतार आणि पाथरवट यांना जोडीने आणणारा, जुन्या इमारतींवर काम केलेला माणूस. महाग आणि संथ. पण दगड आणि लाकूड यांचा सांधा हा दोन कारागिरांच्या मधला प्रांत आहे. सुतार गेल्यावर गवंडी येतो आणि नव्या लाकडाच्या पायाशी सिमेंट ओततो. दोघं एकाच दिवशी जागेवर असतील तरच ते टळतं. आमची शिफारस तिसऱ्याची.

त्याच्याही कामाची परीक्षा एका खिडकीवर घ्यावी, सगळ्यात खराब खिडकीवर. अंदाजपत्रकात ‘खिडकी दुरुस्ती, नग १२’ असं एका ओळीत आलं तर परत पाठवावं. प्रत्येक खिडकीला किती लाकूड बदलणार, कोणता सांधा, कोणता चुना, सिल उचलणार की नाही, हे वेगळं लिहिलेलं हवं. काढलेला प्रत्येक तुकडा दाखवल्याशिवाय फेकायचा नाही, अशी अट घालावी. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी आधी. १८०७ च्या विश्रामबागवाड्याइतका नामांकित नसलेला वाडाही यादीत असू शकतो.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू करावं. तेव्हा भिंत अजून थोडी ओलसर असते, ऊन सौम्य असतं आणि चुन्याला तेच मानवतं. एप्रिल-मेच्या उन्हात चुना भाजून निघतो. झडपांचं वेगळं आहे. मे महिन्यात लाकूड सर्वांत आकसलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेली झडप आषाढात लागत नाही आणि आषाढात रंधून सैल केलेली झडप थंडीत खडखडते. चारी बाजूंनी दोन ते तीन मिलिमीटर मोकळीक ठेवून कुठल्याही ऋतूत बसवावी आणि पावसात अडली म्हणून लगेच रंधा मारू देऊ नये.

पैशांचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवण्याचं आधीच ठरवावं. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. गणपतीच्या सुमारास, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, सिलवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहावं. खाचेपाशी थेंब सुटतात का, भिंतीवर ओघळ येतो का, हे तपासावं. मग चौकटीच्या खालच्या पट्टीला आतून ओलावामापक लावावा आणि आठवडाभर उघडीप मिळाली की पुन्हा लावावा. आकडा खाली येत असेल तर हप्ता देऊन टाकावा. तसाच राहिला तर सांध्यात कुठेतरी पाणी कोंडलं आहे. तेवढी दरज उकरून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहून देऊ नये.